शोभेल असं इंग्रजी

ते वाक्य मी लिहिलं होतं. यंत्राने नाही आणि अध्यक्षांनीही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडच्या कुठल्याही समितीत दोष शेवटी जो हजर नसतो त्याच्या माथी जातो, आणि यंत्र तर एकाही बैठकीला आलेलं नव्हतं.

वाक्य इंग्रजीत होतं. मराठीत त्याचा अर्थ साधारण असा: 'खालील मजकुराचं शताब्दी सोहळ्याला शोभेल अशा, प्रसन्न आणि सर्व वयाच्या वाचकांना आवडेल अशा इंग्रजीत भाषांतर करावं.' व्याकरण निर्दोष होतं. बत्तीस वर्षं रत्नागिरीत इंग्रजी शिकवल्यावर निदान तेवढं जमतं.

आमच्या गावच्या शाळेला शंभर वर्षं झाली म्हणून हा सगळा खटाटोप. गाव पावसच्या वाटेवर आहे. भाट्याचा पूल ओलांडायचा, सडा, म्हणजे कातळाचं पठार, चढायचा आणि फाट्यावर उतरून खाली चालत जायचं. चौथीपर्यंत मी त्या शाळेत होतो, मग शहरात आलो आणि शहरातच निवृत्त झालो. शताब्दी समितीत अकरा जण होते. काम करणारे दोघे, त्यांतलं एक यंत्र. दुसरा मी.

अध्यक्ष गेली चाळीस वर्षं मुंबईला असतात आणि शिमग्याला, गणपतीला गावात येतात. फोनवरही ते माइकसमोर उभे असल्यासारखे बोलतात. स्मरणिका दोन भाषांत काढायची, डाव्या पानावर मराठी आणि समोर उजव्या पानावर तेच इंग्रजीत, ही कल्पना त्यांची. "ॲक्च्युअली सर, आपली नातवंडं मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. स्मरणिका घरी नेऊन ठेवतील कपाटात." हे खरं होतं, म्हणून मी त्यावर विनोद केला नाही. माझ्या स्वभावाच्या मानाने ही मोठीच सवलत होती.

भाषांतर यंत्राकडून करून घ्यायचं आणि मी तपासायचं असं ठरलं. या यंत्राबाबत आमच्याकडे दोन पंथ आहेत. एक म्हणतो त्याला सगळं येतं. दुसरा म्हणतो त्याला काही कळत नाही, आणि हे म्हणण्यापूर्वी त्याच्याकडून आपला अर्ज लिहून घेतो. मी दुसऱ्या पंथातला. लोक हाताने लिहिलेल्या लेखांचे फोटो पाठवत. मी ते फोनमधून यंत्रापुढे ठेवी, वर आपलं ते वाक्य चिकटवी, आणि चहाचा कप उचलून खाली ठेवेपर्यंत इंग्रजी तयार होई. ते वाक्य मी एकदाच लिहून जपून ठेवलं होतं. प्रत्येक लेखाच्या डोक्यावर तेच, लग्नात सगळ्यांना सारख्याच टोप्या द्याव्यात तसं.

सुरुवातीला मजा वाटली. मान्यवरांच्या शुभसंदेशांचं भाषांतर यंत्राने इतकं अचूक केलं की मला त्याच्याविषयी आदर वाटू लागला. मुळात काही नव्हतं आणि भाषांतरातही काही नव्हतं. इतकी निष्ठा मी माणसांत पाहिलेली नाही. मग एका माजी विद्यार्थ्याने लिहिलं की गुरुजींनी ओल्या फोकाने पाठ सोलून काढली होती, आठवडाभर उताणं झोपता येत नव्हतं. इंग्रजीत गुरुजींच्या खंबीर मार्गदर्शनाचा ठसा आयुष्यभर राहिला. दुसऱ्याने लिहिलं की वर्गात छप्पर इतकं गळायचं की छत्री उघडून पाढे म्हणायचो. इंग्रजीत निसर्ग हा आमच्या वर्गाचाच एक भाग होता. मी हसलो, आणि समासात बरोबरची खूण केली. पेपर तपासण्याची सवय. मी इंग्रजी वाचत होतो, चूक शोधत होतो, आणि चूक एकही नव्हती. समोरचं मराठी पान उलटून पाहायचं हे माझ्या हाताला शिकवलेलंच नव्हतं.

शिवाय ते इंग्रजी मला ओळखीचं वाटत होतं. कुठून, ते पुढे कळलं. बत्तीस वर्षं मी फळ्यावर 'माझी शाळा' हा निबंध लिहून देत होतो. त्यात शाळा नेहमी हिरव्या झाडांनी वेढलेली असे आणि शिक्षक प्रेमळ असत. यंत्राने बहुधा माझ्याचसारख्या हजारो मास्तरांचे निबंध वाचले असावेत.

मग तिचा लेख आला.

ती चौथीपर्यंत गावच्या शाळेत माझ्याच वर्गात शिकत होती. बौद्धवाडीतली. पुढे मुंबईला गेली, परिचारिका झाली, सरकारी रुग्णालयात तीसेक वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर गावात येऊन राहिली. मधल्या काळात आम्ही भेटलो ते फार तर तीन वेळा, एखाद्या लग्नात, एकदा एसटी स्टँडवर. लेख चार पानी होता, रेघांच्या कागदावर, सरळ टपोऱ्या अक्षरांत, जे अक्षर पुढच्या पाळीच्या माणसाला वाचता आलंच पाहिजे असं.

तिने लिहिलं होतं: 'पाण्याचा रांजण पडवीत होता. आम्हा बौद्धवाडीच्या मुलांनी त्याला हात लावायचा नाही. आम्ही पायरीखाली उभं राहून ओंजळ धरायची आणि ज्याची पाळी असेल तो मुलगा वरून तांब्याने पाणी ओतायचा. निम्मं पाणी कोपरावरून खाली जायचं. चौथीत एक मुलगा होता. त्याची पाळी असेल त्या आठवड्यात मी शाळेत पाणी प्यायचं सोडलं. घरी जाऊन प्यायची. घर दीड मैल.' आणि शेवटी: 'पुढे मी तीस वर्षं आजाऱ्यांना पाणी पाजलं. बहुतेकांनी काही विचारलं नाही. दोघांनी आधी आडनाव विचारलं आणि मग तोंड उघडलं.'

मी ते दोनदा वाचलं. चौथीत पाण्याच्या पाळीला आम्ही पाच मुलगे होतो. पाचांतला एक कोणीही असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग लेख यंत्रापुढे ठेवला, वर वाक्य चिकटवलं, आणि का कोण जाणे, यावेळी कप न उचलता बघत बसलो.

इंग्रजी आलं. त्यात पडवीत थंडगार पाण्याचा रांजण होता. एक काइंड क्लासमेट तिच्या ओंजळीत पाणी ओतून देत असे, आणि त्याचा गारवा कोपरापर्यंत ओघळत असे. चौथीतला एक मुलगा तिला अजून आठवतो. घरापर्यंतची दीड मैलांची रम्य वाट आठवते. आणि पुढे तीस वर्षं तिने पाणी पाजण्याची ती परंपरा चालवली. आडनाव विचारणारे दोघे कुठे गेले होते कुणास ठाऊक.

यावेळी मराठी पान माझ्यासमोरच होतं. यावेळी मला सवयीची सबब नव्हती. परीक्षेत ज्या प्रश्नाची धास्ती असते तो प्रश्नपत्रिकेत नसला की जसं हलकं वाटतं तसं मला वाटलं, आणि मी समासात बरोबरची खूण केली.

इतक्यावर भागलं नाही. चार दिवसांनी अध्यक्षांचा फोन. "सर, ॲक्च्युअली लेफ्ट-राइट मॅच होत नाही. सिस्टरांचं मराठी दोन पानं आणि इंग्रजी अर्धं पान. बघायला बरं दिसत नाही."

"मराठीत जास्त आहे," मी म्हटलं.

"इंग्रजी छान झालंय. लेव्हल आहे. मग मराठी त्याच्यावरूनच करून घ्या ना. दोन्ही सारखी होतील."

ही युक्ती मी जन्मात ऐकली नव्हती. बाईने आपल्या भाषेत लिहिलेलं तिच्याच भाषेत पुन्हा आणायचं, मधे इंग्रजीत धुऊन, इस्त्री करून. मी फोनवर काहीतरी पुटपुटलो. पुटपुटणं म्हणजे विरोध नव्हे, हे समितीत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मी ते इंग्रजी यंत्राला दिलं आणि मराठी मागितलं. आलं. 'एक सहृदय वर्गमित्र माझ्या ओंजळीत जलधारा सोडत असे.' आमच्या तालुक्यात असं कुणी बोलल्याचं मला आठवत नाही, मेलेल्यांतही नाही.

ते मी अध्यक्षांना पाठवून दिलं.

आता राहिलेला भाग माझ्या तोंडामुळे झाला. त्याच फोनवर, गप्पांच्या ओघात, मी बोलून गेलो होतो की पाण्याची पाळी चौथीच्या मुलांना असायची, मलाही असायची. अध्यक्षांनी ते मनात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा आवाज आणखी मोठा होता. "सर, सहृदय वर्गमित्र म्हणजे तुम्हीच ना? मला वाटलंच. आता ऐका. स्टेजवर सिस्टरांचा सत्कार. शाल, श्रीफळ झालं की तुम्ही येणार आणि त्यांना चांदीच्या पेल्यातून पाणी देणार. इतक्या वर्षांनी. सगळं पब्लिक उभं राहील. पत्रिकेत तुमचं नाव टाकतोय, पुढे कंसात 'सहृदय वर्गमित्र'."

मी म्हटलं, "थांबा जरा." ते म्हणाले, "थांबायला वेळ कुठाय, पत्रिका छापायला जातायत," आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी बसू शकलो नाही. वर्तमानपत्र उघडलं, मिटलं. मांडवीच्या जेटीपर्यंत चालत गेलो, टोकापर्यंत न जाताच परत आलो. घरात गॅलरीत, स्वयंपाकघरात, पुन्हा गॅलरीत.

बायको कैऱ्या चिरत होती. ती म्हणाली, "सकाळपासून पाच वेळा बाहेर बघून आलात. समुद्र आहे तिथेच आहे."

मी तिला सगळं सांगितलं. तिने विळी बाजूला केली. "तो मुलगा तुम्हीच?"

"पाच जण होतो."

"ते विचारलं नाही मी."

उत्तर देण्याऐवजी मी फोन घेऊन यंत्राला विचारलं की, या लेखाच्या भाषांतरात तू काय काय बदललंस. वाटलं, सारवासारव करील. त्याने मुकाट्याने यादी दिली. ओंजळीने पाणी पिण्यामागची सक्ती वगळली. मुलीने पाणी पिणं सोडलं ते वगळलं. आडनाव विचारणारे रुग्ण वगळले. 'काइंड' हा शब्द मुळात नव्हता, तो घातला. आणि कारण: मजकूर प्रसन्न आणि सोहळ्याला शोभेल असा हवा, अशी सूचना होती. खाली नम्रपणे विचारलं होतं की, हवं असल्यास आणखी भावपूर्ण करून देऊ का.

हे त्याचं खरं कारण की मागाहून जुळवलेलं, मला माहीत नाही. माणसांच्या बाबतीतही ते मला कधी ओळखता आलेलं नाही. पण सूचना होती, आणि ती माझी होती. इतके दिवस मी समजत होतो की यंत्राला आमचं काही कळत नाही. त्याला ओंजळ कळली होती, पायरी कळली होती, आडनाव का विचारतात तेही कळलं होतं. कळलं नसतं तर नेमकं तेवढंच कसं गाळलं असतं?

दुसऱ्या दिवशी मी दोनदा एसटी स्टँडवर जाऊन परत आलो. तिसऱ्या वेळी पावसची गाडी सुटतच होती, तेव्हा चढलो. फाट्यावर उतरलो तेव्हा बारा वाजले होते. सड्यावर सावली नाही. खाली उतरताना मी प्रास्ताविक पाठ करत होतो. 'एक तांत्रिक अडचण झाली आहे', अशी त्याची सुरुवात होती.

तिचं घर वाडीच्या टोकाला आहे, निळ्या ओट्याचं. ओट्यावर कोकमाची सोलं वाळत घातलेली आणि ती बाजूला बसलेली, हात रंगलेले.

"कोण? अरे, इंग्रजी मास्तर. फाटा चुकलास काय?"

"नाही. तुमच्या लेखाविषयी जरा बोलायचं होतं."

"तुमच्या?" तिने वर पाहिलं. "बस हितं. तांब्या धरायचास तेव्हा 'तुम्ही' नव्हती मी."

म्हणजे माझं प्रास्ताविक संपलं. ती आत गेली, हात धुऊन आली आणि आमच्याकडे दारी आलेल्याला देतात तसं माझ्यापुढे पाण्याचा तांब्या, पेला आणि गुळाचा खडा ठेवला. मी पाणी प्यायलो. काही बोलावं असं वाटलं, पण जे सुचलं ते सगळं शोभेल असंच होतं. म्हणून गूळ खाल्ला.

मग स्मरणिकेसाठी तयार झालेलं मराठी तिला वाचून दाखवलं. ती सोलं पालथी करत ऐकत होती. 'जलधारा'ला हात थांबला.

"जलधारा म्हणजे ती पिंडीवर धरतात ती?"

"हो."

"आणि हा सहृदय कोण?"

"मी."

"बरा सुधारलास." ती पुन्हा सोलं पालथी करू लागली. "हे माझं नाय. कुणी लिहिलं?"

मी यंत्राचं सांगितलं. तिने विचारलं, यंत्राला कुणी सांगितलं. मी म्हटलं, मी. काय सांगितलंस, तिने विचारलं. मी ते वाक्य मराठीत म्हणून दाखवलं, सोहळ्याला शोभेल अशा, प्रसन्न, सर्व वयाच्या. सड्यावरच्या उन्हात ते फारच लांब वाटलं.

"मग ते काय करील बिचारं," ती म्हणाली. "आमच्या वॉर्डात नवीन पोरी यायच्या. नातेवाईक समोर उभे असले की रिपोर्टमध्ये गोड लिहायच्या. मी फाडून टाकायची. पेशंट कोमात असला तर 'विश्रांती घेतोय' असं लिहीत नाय. रात्रपाळीची सिस्टर वाचते ते, आणि तिला त्याच्यावर उपचार करायचे असतात."

"तुला इंग्रजी येतं. मग तूच का नाही केलंस?" 'तू' तोंडातून निघालं तेव्हा जरा अडखळलो.

"केसपेपरचं येतं. नातीला दाखवायला ते पुरेल काय, वाटलं मला. तिच्यासाठीच लिहिलं हाय ते. सोळाची हाय, मुंबईला. मराठी बोलते, वाचत नाय. विचारते, आजी, तू शाळेचं काहीच कसं सांगत नायस. सांगायला बसली की मला राग येतो आणि मग सांगणं राहतं. म्हणून लिहिलं. पुस्तकातून वाचील, मी समोर नसताना. आणि तुझ्याकडे दिलं, कारण म्हटलं, ह्याला काय झालं ते ठाऊक हाय. ह्याच्याकडून चूक व्हायची नाय."

मी म्हणालो, "गुरुजींनीच सांगितलं होतं, तांब्याला हात लागता कामा नये म्हणून."

"ते पाचांना सांगितलं होतं. चौघं टीचभर वर धरायचे. तू पायरीवर चढून, हात उचलून धरायचास. पाणी हातात कमी आणि तोंडावर जास्त. पोरं हसायची. तू हसत नव्हतास, खोटं कशाला बोलू. तू घाबरायचास. पण पाणी उंचावरनं पडलं काय, पाडणारा हसतोय का घाबरतोय, खाली सारखंच लागतं."

मला त्या तांब्याचं वजन आठवत होतं, त्याचा गार काठ आठवत होता. उंची आठवत नव्हती. इतकी वर्षं ती तिच्याकडे होती.

"त्याला पुन्हा सांग," ती म्हणाली. "जसं हाय तसं."

अंगणात फणसाखाली रेंज येत होती. तिथे उभं राहून मी तिचे चार कागद पुन्हा यंत्रापुढे ठेवले. यावेळी वर एवढंच लिहिलं: 'यात आहे ते सगळं इंग्रजीत आण. काही गाळू नकोस, काही घालू नकोस.' तिने उठून शेजारी येऊन पाहिलं. पडवी आली, पायरी आली, कोपरं आली. मुलीने पाणी सोडलं ते आलं, आणि दीड मैल नुसताच दीड मैल आला. शेवटी आडनाव विचारणारे दोघे आले आणि वाक्य तिथेच थांबलं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. इंग्रजी कोरडं होतं, छोट्या छोट्या वाक्यांचं. मी शिकवलं त्यापेक्षा चांगलं.

"हे केसपेपरसारखं झालं," ती म्हणाली. समाधान तिच्या चेहऱ्यावर पटकन येत नाही, पण आलं होतं. "आता त्याच्यात एक घाल. चौथीतला मुलगा जिथे हाय तिथे. ही हेल्ड इट हायर दॅन द अदर्स."

"हे मराठीत नव्हतं."

"मराठीत घातलं नाय, कारण वाचील त्याला आपलं कळेल असं वाटलं. कळलं होतं ना तुला?"

"हो."

"आणि मग काय केलंस?"

"बरोबरची खूण केली."

ती फणसाच्या बुंध्याला टेकून हसली, मोठ्याने. "मग आता मराठीत पण घालून टाक. आपलं आपण कळत नाय लोकांना."

मी विचारलं, "नाव घालू?"

"माझ्या लेखात तुझं नाव कशाला? तुझं तू बघ."

मराठीतलं ते वाक्य मी यंत्राकडून करून घेतलं नाही. तिथेच फणसाखाली उभा राहून अंगठ्याने टाइप केलं: 'तो तांब्या इतरांपेक्षा उंच धरायचा.' पाच शब्द. मला पंधरा मिनिटं लागली, कारण दोनदा तिथे 'थोडा' असा शब्द पडला आणि दोनदा तो खोडावा लागला.

परतीच्या गाडीतून मी अध्यक्षांना फोन केला. सांगितलं, लेख जसाच्या तसा जाईल, पाण्याचा कार्यक्रम होणार नाही, आणि सहृदय वगैरे काही नव्हतं, तो मुलगा मी होतो. ते म्हणाले, "पण सर, पत्रिका छापून झाल्या." आणि मग खालच्या आवाजात, "हे असं छापायचं म्हणजे... आपल्याच गावाचं ना शेवटी?" त्या प्रश्नात नुसता दिखावा नव्हता, हे मला मान्य केलं पाहिजे. संध्याकाळी तिने स्वतः त्यांना फोन केला. काय बोलली ते ठाऊक नाही. अध्यक्ष मला एवढंच म्हणाले, "सिस्टर फार स्ट्रिक्ट आहेत."

छापखान्याला मजकूर द्यायला तीन दिवस होते. मी सगळेच लेख त्या जुन्या वाक्याशिवाय पुन्हा करून घेतले. सोललेली पाठ परत आली, छत्र्या परत आल्या. शुभसंदेश मात्र दोन्ही वेळा सारखेच निघाले. तिच्या लेखाच्या उजव्या पानावर खाली अध्यक्षांचा फोटो ठरला होता, तो अंगठ्याएवढा करावा लागला.

सोहळा मे महिन्यात झाला, शाळेच्या पटांगणात, मांडव घालून. मुंबईची माणसं आली होती. फाटकापासूनच लोक माझा हात हातात घेऊ लागले. पत्रिका सगळ्यांच्या घरी पोचली होती. "वा मास्तर, त्या काळात असं वागायचं म्हणजे..." एकाने तर मला वाकून नमस्कार केला. मी प्रत्येकाला म्हणत होतो, स्मरणिका वाचा. ते मान डोलवत आणि ती पिशवीत टाकत. मी मागच्या रांगेत बसलो, मग उठलो, मग पाण्याच्या पिंपाजवळ जाऊन उभा राहिलो, मग तिथूनही हललो. सत्कार शालीवर आणि श्रीफळावर आटोपला. ती स्टेजवरून उतरून पहिल्या रांगेत बसली, तिच्याशेजारी एक उंच मुलगी, केस आखूड. मुलगी मान खाली घालून वाचत होती. मराठीच्या पानावरून तिने बोट इंग्रजीच्या पानावर नेलं आणि ते एका ठिकाणी थांबलं. तिने आजीला काहीतरी विचारलं. आजीने न वळता हात मागे केला, माझ्या दिशेने.

ती मुलगी माझ्याकडे आली. एका हातात स्मरणिका, दुसऱ्या हातात पत्रिका. तिने दोन्ही माझ्यासमोर धरल्या. तिचं मराठी स्वच्छ होतं, जरा सावकाश.

"हे तुम्ही?"

"हो. पुस्तकात आहे ते खरं आहे. पत्रिकेत आहे ते नाही."

तिने पत्रिकेची घडी केली. "हायर म्हणजे किती? किती उंच?"

शाळेची पायरी आमच्यापासून चार पावलांवर होती, तीच, चिऱ्याची, आता वर फरशी बसवलेली. मी जाऊन तिच्यावर उभा राहिलो आणि हातात तांब्या असल्यासारखा हात धरला, छातीपर्यंत. मुलगी खाली उभी राहून बघत होती. तिने नकळत दोन्ही हात जोडून ओंजळ केली होती, अंतर बघायला.

तिच्या मागून आजीचा आवाज आला. ती कधी उठून आली ते मला कळलं नव्हतं.

"अजून वर," ती म्हणाली.

मी हात खांद्यापर्यंत नेला.

"अजून."